पिस्तूल ग्रिप बॉल हेड : भारी आहे पण सगळ्यांसाठी नाही

ट्रायपॉडवर कॅमेरा बसवायचं हे पिस्तुलाच्या मुठीसारखं हेड. मुठीचा दांडा दाबला की आतला बॉल मोकळा, म्हणजे कॅमेरा हवा तसा फिरतो, सोडला की लॉक, बस्स! एका हातात काम होतं, नॉब फिरवत बसायचं नाही, त्यामुळे भिगवणला काठावर उभं राहून फ्लेमिंगोंचा थवा उठला की फ्रेम पटकन बदलता येते. ७०-३०० मिमी लेन्सपर्यंत मस्त चालतं, पण त्याहून जड लेन्स लावली तर दांडा सोडल्यावर फ्रेम किंचित खाली बसते, पकड घट्ट-सैल करायची टेन्शनची चकती आवळली की जरा कमी होतं पण मग दाबून दाबून बोटं दुखतात. मॅक्रोला, म्हणजे अगदी जवळून छोट्या गोष्टींचे फोटो काढायला, तर नकोच. आणि हेड उंच असल्याने हलका ट्रायपॉड डुगडुगतो, उभ्या फ्रेमला कॅमेरा ज्या बाजूला झुकतो तिकडे ट्रायपॉडचा एक पाय ठेवाच.