बॅरिअर तपासायचाय, तर विष कोणतं घ्याल?

सिनॉप्सिसचे दिवस आले की सोलापुरातली एम. फार्म.ची मुलं हमखास विचारतात: पार्किन्सनचं मॉडेल करायचंय (म्हणजे विष देऊन प्राण्यात तसा आजार घडवायचाय), ब्लड-ब्रेन बॅरिअरही (रक्तातलं नको ते मेंदूत शिरू न देणारी भिंत) बघायचाय, तर विष कोणतं घेऊ? बहुतेकांचं सिक्स-ओएचडीए हे विष आधीच ठरलेलं असतं, कारण सीनियरच्या थिसिसमध्ये तेच होतं. माझं मत वेगळं आहे.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी क्लॉडिन-5, ऑक्ल्युडिन अशा प्रथिनांनी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. त्यांना बाहेरून पेरिसाइट आणि ॲस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशी बिलगलेल्या असतात. हाच बॅरिअर. विषामुळे दाह सुरू झाला की एमएमपी-9 सारखी एन्झाइम्स हे जोड कुरतडतात. पूर्व भागातल्या, मागाच्या खडखडाटात वाढलेल्या एका विद्यार्थिनीने पहिल्यांदा असं क्लॉडिनचं डागाळलेलं चित्र पाहिलं आणि म्हणाली, "सर, वीण सुटलीय." अगदी तेच.

आता सिक्स-ओएचडीए. 1968 पासून चालत आलेलं, भरवशाचं मॉडेल. मेंदूच्या एकाच बाजूला इजा करता येते, रॅट (मोठा उंदीर) एका दिशेने गोल फिरतो, मोजायला सोपं. डोपामिनची (पार्किन्सनमध्ये मेंदूत कमी पडणाऱ्या रसायनाची) औषधं तपासायची असतील तर जरूर घ्या. पण हे विष बॅरिअर ओलांडत नाही, म्हणून स्टीरिओटॅक्सिकवर (डोकं घट्ट धरून नेमकी जागा मोजणाऱ्या चौकटीवर) कवटीला छिद्र पाडून सुई थेट मेंदूत घालावी लागते आणि सुई जाताना वाटेतल्या केशवाहिन्या फाटतात. मग दिसलेली गळती विषाची की सुईची? तीच सुई, तितकंच द्रावण, फक्त विष नाही, असा शॅम (तुलनेसाठीचा) गट नसेल तर या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही.

दुसरं विष एमपीटीपी. त्याची गोष्ट 1982 सालच्या कॅलिफोर्नियातली. बनावट हेरॉइन टोचून घेतलेली तरुण मुलं अचानक पार्किन्सनच्या रुग्णांसारखी ताठरली. हे रसायन बॅरिअर आपणहून ओलांडतं. आत ॲस्ट्रोसाइटमधलं एमएओ-बी हे एन्झाइम त्याचं एमपीपी-प्लस हे खरं विष करतं. ते डोपामिन ट्रान्सपोर्टरमधून चेतापेशीत शिरतं आणि मायटोकॉन्ड्रियाचं (पेशीच्या ऊर्जाघराचं) कॉम्प्लेक्स-1 हे यंत्र बंद पाडतं. मेंदूला सुई लागलेलीच नसते, त्यामुळे पुढे अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) मेंदूत झिरपताना दिसलं तर ते आजाराच्या खात्यावर धरता येतं. रॅटवर मात्र हे नीट चालत नाही. त्यांच्या केशवाहिन्यांच्या भिंतीतच एमएओ-बी भरपूर असतं. एमपीपी-प्लस तिथेच तयार होतं आणि त्याला पुढे आत जाता येत नाही. मला तर बॅरिअर शिकवायला याहून सुंदर उदाहरण माहीत नाही. म्हणून सी57बीएल/6 जातीचे माइस (छोटे उंदीर) घ्या.

एमपीटीपीचा धोका तुम्हालाच आहे, आणि तो खरा आहे. एमपीटीपी टोचल्यावर माइसच्या लघवीतूनही बाहेर पडतं, म्हणजे पिंजऱ्यातला भुसा बदलणारा माणूसही धोक्यात येतो. हवा खेचणारं हूड, वेगळी खोली आणि हे काम शिकलेला माणूस नसेल तर एमपीटीपीचा विचारही करू नका. डिग्रीपेक्षा तुमचा मेंदू मोलाचा आहे.

अशा वेळी उरतं रोटेनोन. वनस्पतीच्या मुळांतून मिळणारं, चरबीत विरघळणारं, सगळीकडे पोहोचणारं. तेच त्याचं दुखणंही आहे: यकृत, हृदय, खुद्द केशवाहिन्यांच्या पेशी, कुठलंच कॉम्प्लेक्स-1 सुटत नाही. वजन घटतं, जनावरं मरतात, एकाला खूप इजा तर शेजारच्याला काहीच नाही. त्यात आपला एप्रिल-मे. ॲनिमल हाऊसचा एसी एक दुपार बंद पडला तर मृत्यू उष्म्याचा की विषाचा, सांगता येणार नाही. रोटेनोन घ्यायचं तर डोस दिवाळीनंतर सुरू करा आणि प्राणी जास्त का लागणार, हे एथिक्स कमिटीला आधीच कारणांसह लिहून द्या.

थोडक्यात माझा क्रम: सोय असेल तर एमपीटीपी, नसेल तर रोटेनोन, आणि सिक्स-ओएचडीए फक्त शॅम गटासह.

विष कोणतंही घ्या, पर्फ्युजनमध्ये (मेंदू काढण्याआधी सलाइन सोडून वाहिन्यांतलं रक्त धुण्यात) घाई नको. आमच्या पहिल्या इव्हान्स ब्लूच्या (गळती दाखवण्यासाठी रक्तात सोडायच्या निळ्या रंगाच्या) वेळी कंट्रोलचा, म्हणजे विष न दिलेल्या प्राण्याचा, मेंदूही निळसर निघाला. बॅरिअर शाबूत होता. वाहिन्यांतलं रक्तच पुरतं धुतलं गेलं नव्हतं. इव्हान्स ब्लू अल्ब्युमिनला चिकटतो, त्यामुळे तो मोठी भगदाडंच दाखवतो. बारीक गळतीसाठी 376 डाल्टनचं, म्हणजे बऱ्याच लहान रेणूचं, सोडियम फ्लुओरेसीन वापरा. सलाइन सोडताना यकृताकडे लक्ष ठेवा. ते फिकट पडलं नसेल, तर त्या प्राण्याचं रीडिंग धरू नका.