गूगल शीट्सवर आखलेली कॅन्सस सिटीची बास्केटबॉल ट्रिप: वर्षभराच्या वापरानंतर

गूगल शीट्स आपण सगळेच हिशेबाला, भिशीला, मंडळाच्या वर्गणीला वापरतो. मी नोव्हेंबर २०२४ पासून ती मुख्यतः एका कामासाठी वापरते आहे: बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सच्या (अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघांचा एक गट) पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेला सहकुटुंब जाण्याचं नियोजन. स्पर्धा मार्चमध्ये कॅन्सस सिटीच्या टी-मोबाइल सेंटरमध्ये होते. मुलगा एम्सला आयोवा स्टेटमध्ये शिकतो, आम्ही डी मॉइनला राहतो, लेक आठवीत होती आणि त्या वर्षी सासरे कराडहून आमच्याकडे आले होते. म्हणजे पाच माणसं, तीन पिढ्या.

माझं मत आधीच सांगते. या कामाला याहून चांगलं साधन मला मिळालेलं नाही, पण शीटची मांडणी 'आपली टीम हरली तर?' या प्रश्नावर उभी असेल तरच.

कारण स्पर्धाच तशी आहे. नाव 'ट्वेल्व्ह' असलं तरी सोळा टीम, मंगळवार ते शनिवार असे पाच दिवस, हरला तो घरी. ९ ते १६ मानांकनाच्या टीम मंगळवारी उतरतात, ५ ते ८ बुधवारी, आणि पहिल्या चार थेट गुरुवारी उपांत्यपूर्व फेरीत. आपला पहिला सामना कुठल्या वारी आहे हे जानेवारीत कुणीच सांगू शकत नाही, आणि शेवटचा कधी असेल हे तर सामन्याच्या शेवटच्या मिनिटापर्यंत कळत नाही. तारखेप्रमाणे ओळी घातलेला नेहमीचा 'दिवस पहिला, दिवस दुसरा' असा तक्ता इथे टिकत नाही.

म्हणून माझ्या शीटमध्ये ओळ दिवसाची नाही, सेशनची आहे. अंतिम सामना सोडला तर एका तिकिटात एका सेशनचे दोन सामने असतात. दुपारचं सेशन संपलं की अरीना रिकामा करतात आणि संध्याकाळच्या सेशनला वेगळं तिकीट लागतं. प्रत्येक सेशनपुढे एक ड्रॉपडाउन: 'जिंकलो', 'हरलो', 'अजून ठरायचंय'. त्याच्या शेजारच्या दोन रकान्यांत दोन वेगवेगळे बेत लिहिलेले, आणि ड्रॉपडाउन बदलला की लागू असलेला बेत हिरवा होतो. त्यासाठी साधं 'कंडिशनल फॉरमॅटिंग' (अट जुळली की रंग बदलणारी सोय) आहे, लेकीने शाळेत शिकलेलं. ही एवढीशी सोय, पण तिच्यामुळे घरातला वाद थांबला. 'हरलो तर' हा शब्द नोव्हेंबरातच सगळ्यांनी डोळ्यांनी वाचला होता, त्यामुळे मार्चमध्ये तो ऐकून कुणी बिथरलं नाही.

तिकिटांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पैसा तिथेच जातो. सगळ्या सेशन्सचं एकत्र तिकीट पाच जणांना घेणं आम्हाला पटलं नाही. नियमित हंगाम ८ मार्च २०२५च्या शनिवारी संपला, आयोवा स्टेटला पाचवं मानांकन मिळालं, आणि त्याच रात्री आम्ही बुधवार-गुरुवारची आपली सेशन्स पुनर्विक्रीतून घेतली. त्याआधी काही आठवडे लेक रोज रात्री भाव नोंदवत होती. त्यात 'दिसलेली किंमत' आणि 'शेवटी भरायची किंमत' असे दोन रकाने ठेवले होते, कारण शुल्क शेवटच्या पानावर उगवायचं. १२ मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने तिकिटं आणि हॉटेलं यांची शुल्कासकट एकूण किंमत आधीच दाखवणं बंधनकारक झालं आहे, त्यामुळे यंदा तो जोडरकाना मी काढून टाकला. उपांत्य आणि अंतिम फेरीची तिकिटं मात्र आधी घेऊच नका. एखादी टीम हरली की तिचे चाहते त्याच तासात तिकिटं विकायला काढतात.

हॉटेलच्या टॅबमध्ये तीनच गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या: कुठल्या तारखेपर्यंत फुकट रद्द करता येईल, खोलीत मायक्रोवेव्ह आहे का, आणि राज्य कुठलं. कॅन्सस सिटी दोन आहेत, एक मिझुरीत आणि एक कॅन्ससमध्ये, आणि अरीना मिझुरीत आहे. शोधयंत्र दोन्हीकडची हॉटेलं सरमिसळ दाखवतं. एका हॉटेलने पार्किंगचे वेगळे पैसे असल्याचं खोली ताब्यात घेताना सांगितलं. आता 'पार्किंग, लेखी विचारलं का?' असा चेकबॉक्स कायमचा आहे. आम्ही गाडी तिथेच ठेवून मेन स्ट्रीटवरच्या स्ट्रीटकारने फिरलो. ती सगळ्यांना फुकट आहे, आणि अरीना थांब्यापासून दोनेक गल्ल्यांवर. सासऱ्यांच्या गुडघ्यांना हे फार सोयीचं पडलं.

शीट शेअर करताना सासऱ्यांना फक्त 'कमेंट'चा अधिकार दिला होता, म्हणजे चुकून काही पुसलं जाण्याची त्यांना भीती राहू नये. त्यांनी त्याचा मनापासून वापर केला. बाबा कराडच्या शाळेतून शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनीच गुरुवारच्या ओळीवर लिहिलं, 'या दिवशी होळी आहे.' खरंच, १३ मार्चला होळी आणि उपांत्यपूर्व फेरी एकाच दिवशी येत होती. मग मायक्रोवेव्हचा रकाना आला, कूलरच्या यादीत पुरणपोळ्या आणि तूप आलं. ९ मार्चला अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे गेल्यामुळे भारताशी फरक साडेअकरा तासांवरून साडेदहावर आला. कराडला फोन करायची वेळही त्यांनी दुरुस्त करून घेतली.

खेळाचं सांगायचं तर, बुधवारी आयोवा स्टेटने सिनसिनाटीला सहज हरवलं. डी मॉइनहून आय-३५ महामार्गाने सरळ तीन तासांत पोहोचता येत असल्यामुळे आमच्याकडचे लोक इथे लोंढ्याने येतात. अख्खा अरीना लाल आणि सोनेरी. गुरुवारी बीवायूशी (ब्रिगम यंग विद्यापीठाशी) शेवटपर्यंत झुंज दिली आणि हरलो. मुलाने जागेवरूनच फोनवर शीट उघडली, ड्रॉपडाउन 'हरलो'वर आणला, आणि 'शुक्रवार: लॉरेन्स' ही ओळ हिरवी झाली. रात्री खोलीत गरम पुरणपोळी खाताना सगळे बऱ्यापैकी शांत होते. बेत तयार होता, म्हणून.

लॉरेन्स तिथून चाळीसेक मैलांवर. आय-७०चा टर्नपाइक टोलचा आहे आणि तिथे आता रोख घेत नाहीत, नंबरप्लेटवरून बिल येतं. के-१० रस्त्याला टोल नाही. हे दोन्ही पर्याय शीटमध्ये होते. कॅन्सस विद्यापीठाच्या ॲलन फील्डहाउस या बास्केटबॉल अरीनाला लागून डीब्रूस सेंटर आहे, आणि तिथे जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला लिहिलेले बास्केटबॉलचे मूळ तेरा नियम ठेवलेले आहेत. टंकलेखन केलेले दोन कागद. २०१०च्या लिलावात ते ४३ लाख डॉलरला विकले गेले आणि अशा रीतीने इथे आले. हिवाळ्यात व्यायामशाळेत कंटाळून दंगा करणाऱ्या वर्गासाठी चौदा दिवसांत काहीतरी नवा खेळ काढ, असं नेस्मिथ यांना वरिष्ठांनी सांगितलं होतं. बाबा काचेसमोर उभे राहून एकेक नियम वाचत होते आणि नातीला मराठीत सांगत होते. चेंडू घेऊन पळायचं नाही, पकडला तिथूनच फेकायचा. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. "वर्ग सांभाळणाऱ्या माणसाने लिहिलंय हे, लगेच कळतं," ते म्हणाले. आयुष्यभर मैदानावर शिट्टी वाजवलेल्या माणसाला यापेक्षा मोठं तीर्थक्षेत्र मी दाखवू शकले नसते.

लेक तोवर आदल्या दिवशीच्या हरण्याने हिरमुसलेली होती. नेस्मिथ १८९८मध्ये कॅन्ससला आले आणि तिथले पहिले प्रशिक्षक झाले; त्यांचे विजय ५५ आणि पराभव ६०. विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले ते एकटेच प्रशिक्षक आहेत. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा मोकळी हसली.

परत येताना कॅन्सस बाजूच्या जोज कॅन्सस सिटीमध्ये थांबलो, पेट्रोल पंपातलं बार्बेक्यू. शाकाहारी बाबांना पोर्टोबेलो मशरूमचं सँडविच मिळालं आणि बाकीच्यांना मांसाहारी पदार्थ. संध्याकाळी उपांत्य सामन्यांची तिकिटं आमच्याच टीमच्या निराश चाहत्यांकडून आलेली, परवडणाऱ्या भावात मिळाली. ह्यूस्टनने बीवायूला हरवलं. तोच ह्यूस्टनचा संघ पुढे स्पर्धा जिंकून राष्ट्रीय अंतिम फेरीत गेला आणि ७ एप्रिलला फ्लोरिडाकडून ६५-६३ असा हरला. तो सामना आम्ही घरी ओळखीच्या माणसांचा असल्यासारखा पाहिला.

उणिवाही आहेत. रुंद तक्ता मोबाइलवर वाचणं कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये त्रासाचंच असतं. म्हणून 'आज' नावाचा एक अरुंद टॅब करा, ज्यात फक्त लागू असलेला बेत दिसेल, आणि शीट फोनवर ऑफलाइन उतरवून ठेवा. तिकिटांचे भाव हाताने भरावे लागतात. आणि घरात निदान एकाला रोज दहा मिनिटं शीटकडे बघायची आवड हवी; ती नसेल तर हा खटाटोप करू नका, एका दिवसाचं एक सेशन घ्या आणि मजेत परत या.

सगळ्या कॉन्फरन्समधल्या निवडक टीमच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी हेच करता येईल का, असं मला ओळखीचे बरेच लोक विचारतात. शहरं तिथे खूप आधी ठरलेली असतात, पण कुठली टीम कुठे खेळणार हे रविवारी संध्याकाळी कळतं आणि मुख्य फेरीचे सामने गुरुवारी सुरू होतात. लहान मुलं आणि वडीलधारी माणसं बरोबर असतील तर मी कॉन्फरन्स स्पर्धाच सुचवेन.

मार्च २०२६साठी शीटची नवी प्रत तयार आहे. स्ट्रीटकार ऑक्टोबर २०२५मध्ये दक्षिणेला प्लाझा या बाजारपेठेवरून थेट यूएमकेसीपर्यंत (मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेपर्यंत) गेली, त्यामुळे हॉटेलच्या टॅबमध्ये तो सगळा पट्टा आला आहे. लेकीने स्वतःचा एक टॅब उघडला आहे: महिलांची बिग ट्वेल्व्ह स्पर्धा, त्याच अरीनात, पुरुषांच्या एक आठवडा आधी. भाव भरायला तिने सुरुवात केली आहे.