सात खातेवह्या, साडेसहाशे कात्रणे आणि बर्डीतली एक स्कॅनिंग सेवा

माझी आत्या मूळची जळगावची. १९६२ च्या निवडणुकीत जळगावातून सत्तावीस वर्षांची एक वकील मुलगी विधानसभेवर निवडून आली, तेव्हा आत्याने त्या बातमीचे कात्रण कापून वहीत चिकटवले आणि लग्नानंतर नागपुरात येताना ती वही सोबत आणली. ती मुलगी म्हणजे प्रतिभाताई पाटील. पुढची पन्नास वर्षे आत्याने हे काम सोडले नाही. 'तरुण भारत', 'लोकमत', 'हितवाद' अशा नागपुरात मिळणाऱ्या वर्तमानपत्रांतून आणि जळगावहून येणाऱ्या टपालातून जमलेली सुमारे साडेसहाशे कात्रणे लाल कापडी पुठ्ठ्याच्या सात खातेवह्यांत आहेत. गेल्या पावसाळ्यात पहिल्या दोन वह्यांना कसर लागल्याचे दिसले आणि त्या स्कॅन करून घेणे भाग पडले.

सीताबर्डीत मुंजे चौकाच्या आतल्या गल्लीत जुन्या कागदपत्रांचे स्कॅनिंग, शोधता येईल अशी फाइल, विषयवार सूची आणि जतनपेटी असे सगळे एकत्र करून देणारे एक केंद्र आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण कामात चुका निघाल्या, त्या दुरुस्त करण्याची तयारी त्यांनी दाखवली आणि ते काम अजून पूर्ण झालेले नाही. दर मात्र सांगते. पानामागे १४ रुपये, सूचीचे वेगळे ३,५०० आणि पेटीचे १,२००. आमची पाने ४१० भरली, तेव्हा एकूण बिल १०,४४० रुपये झाले. तीन आठवड्यांचा वायदा होता, प्रत्यक्षात सहा लागले. वाहने लावायला जागा नाही, म्हणून वह्या घेऊन ऑटोनेच जावे.

आधी जे चांगले झाले ते. वह्या उघड्या ठेवून वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर त्यांच्याकडे आहे, त्यामुळे शिवण उसवावी लागली नाही. आत्याने सुरुवातीची कात्रणे मैद्याच्या खळीने चिकटवली होती आणि कसरीला नेमके तेच आवडते. तेथील मुलाने मऊ कुंचल्याने एकेक पान झाडले, सुटलेल्या कात्रणांची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवली आणि घडी पडलेली मोठी पाने दोन भागांत घेऊन जोडली. जुन्या छपाईतील छायाचित्र स्कॅन करताना ठिपक्यांची जाळी उठते. ती त्यांनी बऱ्याच प्रमाणात घालवली. २५ नोव्हेंबर २००९ रोजी राष्ट्रपती असताना प्रतिभाताईंनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानातून उड्डाण केले, त्या वेळचे वैमानिकाच्या पोशाखातले रंगीत छायाचित्र तर मूळ कात्रणाहून अधिक स्वच्छ आले आहे. तेव्हा त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. आत्याने ते छायाचित्र पाहून चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

छायाचित्रणाला मी पूर्ण गुण देईन. अडचण सूचीत आहे, आणि एखाद्याच्या प्रदीर्घ सार्वजनिक जीवनाचा संग्रह करून घेताना सूची हीच खरी वस्तू असते, हे मला उशिरा कळले.

पहिली चूक आत्यानेच पकडली. प्रतिभाताई १९६२ मध्ये जळगावातून निवडून आल्या आणि १९६७ पासून १९८५ पर्यंत एदलाबाद मतदारसंघाच्या आमदार होत्या. एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. शोधता येणारी फाइल तयार करताना संगणकाला पुसट झालेले 'एदलाबाद' वाचता आले नाही आणि तपासणाऱ्याने ते सरळ 'हैदराबाद' करून टाकले. "अगं, यांनी ताईंना निजामाच्या मुलखातून निवडून आणलं की!" असे आत्या म्हणाली. आम्ही हसलो खरे. पण 'मुक्ताईनगर' किंवा 'एदलाबाद' असा शोध घेतला, तर या अठरा वर्षांतील एकही निवडणूक सापडत नव्हती. गावांची नावे बदलतात, म्हणून जुने व नवे अशी दोन्ही नावे सूचीत एकमेकांना जोडून द्यावी लागतात. ती सोय या सेवेत नाही.

दुसरी चूक आडनावाची. प्रतिभाताईंचे पती अमरावतीचे देवीसिंह शेखावत, आणि २००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतले त्यांचे प्रतिस्पर्धी भैरोसिंह शेखावत. सूची करणाऱ्याने 'शेखावत' असे एकच शीर्षक करून सगळी कात्रणे त्याखाली घातली. परिणामी अमरावतीच्या स्थानिक राजकारणाची पाच कात्रणे आणि दिल्लीतल्या मतमोजणीची अकरा कात्रणे शेजारी शेजारी बसली. त्या निवडणुकीत प्रतिभाताईंच्या मतांचे मूल्य ६,३८,११६ आणि भैरोसिंहांच्या मतांचे ३,३१,३०६ होते, तसेच एनडीएत असूनही शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला होता. ही बातमी शोधायला मला घरगुती 'शेखावत' ओलांडून जावे लागले.

तिसरी चूक अधिक गंभीर, आणि ती दाखवल्यावर केंद्रचालकांना फारसे काही वाटले नाही. १९८५ मध्ये प्रतिभाताई राज्यसभेवर गेल्या आणि नोव्हेंबर १९८६ ते नोव्हेंबर १९८८ या काळात राज्यसभेच्या उपसभापती होत्या. सूचीत हे पद 'लोकसभा उपाध्यक्ष' असे पडले आहे. "मॅडम, दोन्ही एकच ना?" असा प्रश्न मला विचारण्यात आला. दोन्ही एक नाहीत. लोकसभेला अध्यक्ष आणि उपाध्यक्ष असतात. उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात आणि उपसभापतीची निवड सभागृह आपल्या सदस्यांतून करते. जुलै १९८७ मध्ये व्यंकटरमण राष्ट्रपती झाले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला शंकरदयाळ शर्मा उपराष्ट्रपती झाले, तोवरचे काही आठवडे उपराष्ट्रपतिपद रिकामे होते. अशा वेळी सभापतिपदाची कर्तव्ये राज्यघटनेनुसार उपसभापतीकडे येतात. आत्याच्या चौथ्या वहीत या दिवसांची तीन बारीक कात्रणे आहेत, प्रत्येक चार बोटांहून मोठे नाही. लोकसभेच्या खणात टाकल्यावर त्यांचा अर्थच हरवतो.

यावरून मला या सेवेचा मूळ दोष दिसला. कात्रण जितके मोठे, तितकी त्याची नोंद नीट. छोटे असेल तर ते 'इतर' या शीर्षकाखाली. २५ जुलै २००७ चा शपथविधी सूचीत सतरा ठिकाणी आहे. याउलट १९६७ ते १९७२ या काळात उपमंत्री म्हणून सांभाळलेली सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण ही खाती. १९७२ नंतर कॅबिनेट मंत्री म्हणून आलेले समाजकल्याण. जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८० पर्यंत शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारसमोर विरोधी पक्षनेत्या म्हणून केलेले काम, हे सगळे बहुतांशी 'इतर'मध्ये गेले आहे. आत्याच्या दृष्टीने हाच काळ जवळचा, कारण हिवाळी अधिवेशनामुळे मंत्री नागपुरात येत, आणि सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनाच्या प्रेक्षक गॅलरीचा पास मिळवून ती दोनदा जाऊन बसली होती. ते दोन्ही पास वहीत चिकटवलेले आहेत. स्कॅन उत्तम, नोंद शून्य.

१९९६ ते २००४ या आठ वर्षांचे तर नऊच कागद आहेत. १९९१ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर गेलेल्या प्रतिभाताईंची मुदत १९९६ मध्ये संपली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल होईपर्यंत त्यांच्याकडे कोणतेही निवडून आलेले पद नव्हते, त्यामुळे वर्तमानपत्रांनी त्यांच्याकडे फारसे पाहिले नाही. त्या नऊ कागदांत एक बातमी आहे: त्यांच्या पुढाकाराने जळगावात उभ्या राहिलेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला. चार वर्षांनी राष्ट्रपतिपदाच्या प्रचारात याच बँकेवरून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पाचव्या वहीतले ते कात्रण आणि सहाव्या वहीतली २००७ ची कात्रणे सूचीत जोडलेली असती, तर वाचणाऱ्याला धागा हाती लागला असता. आत्या ताईंची चाहती आहे, तरीही तिने टीकेची कात्रणे वगळली नाहीत. राष्ट्रपतींच्या परदेश दौऱ्यांच्या खर्चावरच्या आणि पुण्यातल्या निवासासाठीच्या जागेच्या वादाच्या बातम्याही तिने कौतुकाच्या बातम्यांसारख्याच काठ सरळ कापून चिकटवल्या आहेत. तिच्या या शिस्तीला साजेशी सूची मिळाली नाही, याचे मला वाईट वाटते.

केंद्राच्या बाजूने हेही नोंदवते की पंचवीस-तीस वर्षांच्या मुलाने साडेसहाशे कात्रणे वाचून त्यांतला राजकीय संदर्भ ओळखावा, ही अपेक्षा ३,५०० रुपयांत करणे अवाजवी आहे. लग्नाचे अल्बम, शेतीचे सातबारे, दवाखान्याच्या फाइली असे काम त्यांच्याकडे अधिक येते आणि तेथे नाव व तारीख एवढी सूची पुरते. सार्वजनिक जीवनाच्या संग्रहाला ती पुरत नाही, एवढे त्यांनी पैसे घेण्यापूर्वी सांगायला हवे होते.

जतनपेटी चांगली आहे. कागद पिवळा पडू नये असा आम्लविरहित पुठ्ठा, आणि झाकण घट्ट. मात्र ती आमच्या खातेवह्यांपेक्षा दोन बोटे आखूड निघाली आणि बदलून मिळायला आठ दिवस गेले. फाइली पेन ड्राइव्हवर मिळतात. दुसरी प्रत स्वतः करून ठेवावी, ते मागितल्याशिवाय देत नाहीत.

तेव्हा कोणाकडे अशी कात्रणे असतील, तर त्यांनी येथे स्कॅनिंग आणि पेटी जरूर घ्यावी, वह्या देताना पाने मोजून पावतीवर आकडा लिहून घ्यावा आणि सूचीचे पैसे वाचवावेत. एदलाबादची दुरुस्ती आम्हाला मागच्या सोमवारी मिळाली, दोन शेखावत अजून एकत्रच आहेत. सूची आता आत्या स्वतः शाळेच्या जुन्या हजेरीपटात करते आहे. रोज दुपारी चहानंतर तासभर, मी स्क्रीनवर कात्रण मोठे करून द्यायचे आणि तिने पद, खाते, तारीख लिहायची. काल ती १९७४ च्या सार्वजनिक आरोग्य खात्यापर्यंत पोहोचली.