मुंबई–नागपूर विमानसेवा : तिकिटावरचे दीड तास

मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर असून तिकिटावर प्रवासाचा वेळ साधारण दीड तास छापलेला असतो. जाताना तक्रारीला जागा नव्हती. कागदी पेल्यातला चहा संपतो न संपतो तोच विमान नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरू लागले, आणि चाके टेकली तेव्हा उड्डाणाला सव्वा तासही झाला नव्हता. परतीचा अनुभव मात्र निराळा. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे सहसा एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात ताटकळावे लागते. आमचे विमान पंचवीस मिनिटे घिरट्या घालत राहिले, पण कर्मचाऱ्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. विलंबापेक्षा हे मौन मला अधिक खटकले. दादरहून विमानतळ गाठणे, सुरक्षा तपासणीची रांग आणि सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहणे धरले, तर घरापासून घरापर्यंत पाच तास सहज जातात. तरीही ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने जायला सुमारे आठ तास लागत असल्याने, कामासाठी मी विमानच निवडेन. सहकुटुंब जायचे असल्यास रात्रीची विदर्भ एक्सप्रेस.