'हॉट फझ' की 'द अदर गाइज': एकच बघायचा असेल तर?

दोन पोलीस, स्वभावाने दोन टोकांचे. आधी पटत नाही, शेवटी एकमेकांसाठी जीव द्यायला तयार. हॉलिवूडच्या या ठरलेल्या साच्याचं विडंबन करणारे हे दोन चित्रपट: एडगर राइटचा 'हॉट फझ' (2007) आणि अॅडम मकेचा 'द अदर गाइज' (2010). माझा कौल 'हॉट फझ'ला.

लंडनचा निकोलस एंजेल (सायमन पेग) इतका कर्तबगार, की त्याच्यापुढे बाकीचे निकामी दिसतात. म्हणून वरिष्ठ त्याला सार्जंटची बढती देऊन सँडफर्ड नावाच्या खेड्यात पिटाळतात. तिथे काम काय, तर पळालेला हंस पकडायचा! पण चित्रीकरण बघा. कागदपत्रं भरण्याचं रटाळ कामसुद्धा पाठलागाच्या दृश्यासारखं झटपट कट आणि दणदणीत आवाजांत दाखवलंय. पडद्यावरचा कुणीही 'आम्ही गंमत करतोय' असं भासवत नाही, आणि विडंबन जमतं ते नेमकं इथे.

जोडीदार डॅनी (निक फ्रॉस्ट) हा इन्स्पेक्टरचा मुलगा, अॅक्शनपटांचा वेडा. हवेत झेप घेताना दोन बंदुका चालवल्यात का, असले प्रश्न तो एंजेलला विचारत राहतो. सुरुवातीला आपण त्याला हसतो. मग त्याच गोष्टी शेवटाकडे खरोखर घडायला लागतात आणि आपण हरखून टाळ्या पिटतो. सहज टाकलेलं जवळपास प्रत्येक वाक्य पुढे कामी येतं, म्हणून दुसऱ्यांदा बघताना चित्रपट जास्त आवडतो. मुख्य म्हणजे या दोघांची मैत्री खोटी वाटत नाही. ती पातळ असती तर उरला असता नुसता नकलांचा कार्यक्रम.

'द अदर गाइज'ची बांधणी सैल आहे. विल फेरेल आणि मार्क वॉलबर्ग यांची जुगलबंदी काही प्रसंगांत लांबते, उत्तरार्धात कथानक रेंगाळतं. पण हसू जास्त पटकन फुटतं. फेरेलच्या अॅलनकडून खरी बंदूक काढून घेऊन त्याला लाकडी दिली जाते, तो प्रसंग चुकवू नका. स्फोटानंतर दोघं जमिनीवर विव्हळत पडतात आणि सिनेमातले नायक मागे न बघता चालत कसे जातात म्हणून चिडतात. साच्यातलं खोटं इतक्या थेट पकडलेलं मी क्वचितच पाहिलंय.

आणि एका बाबतीत तो 'हॉट फझ'च्या पुढे जातो. इथली खरी चोरी आर्थिक घोटाळ्याची आहे. शेवटची नामावली सुरू झाली की उठू नका: पाँझी योजना (नव्या गुंतवणूकदारांच्या पैशातून जुन्यांना परतावा देणारी फसवणूक), 2008च्या आर्थिक संकटानंतर वित्तसंस्थांना दिलेला सरकारी पैसा, कंपनीप्रमुखांचे पगार, सगळे आकडे चित्रांतून समोर येतात.

अॅक्शनपट भरपूर पाहिले असतील तर आधी 'हॉट फझ' लावा, सबटायटल्स मात्र चालू ठेवा. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बोली एंजेललाही दोघांकरवी समजून घ्यावी लागते. रक्त बघवत नसेल किंवा आठवड्याच्या शेवटी डोकं थकलेलं असेल तर 'द अदर गाइज'. फक्त त्यातले चावट विनोद आईबाबांसोबत बसून ऐकण्यासारखे नाहीत.