झिगोंगचं विहिरीचं मीठ, शेनहाय विहीर आणि तिथलं खाणं: माझा रिव्ह्यू

चीनच्या सिचुआन प्रांतात चेंगदूला कामानिमित्त किंवा फिरायला येणारे आपले लोक पांडा बघतात, लेशानचा मोठा बुद्ध बघतात आणि परत जातात, त्याच प्रांतातल्या झिगोंग या मिठाच्या गावाला कोणी फिरकतच नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. हायस्पीड ट्रेनने तासाभराचं अंतर आहे हो. आणि सिचुआनी जेवण ज्याला आवडतं त्याने तर जायलाच हवं, कारण तिथली लोणची, चेंगदूजवळच्या पिक्सियनची ती लाल मिरची-बाकल्याची पेस्ट, हे सगळं ज्या मिठावर उभं आहे ते मीठ या गावच्या जमिनीखालून येतं. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, वर कायम ढगाळ, इतकं की शू म्हणजे सिचुआनमधले कुत्रे सूर्य दिसला की भुंकतात अशी चिनी म्हण आहे, म्हणजे आपल्या उरण-वसईच्या मिठागरांसारखं खाडीचं पाणी अडवून उन्हात वाळवायची सोयच नाही. मग या लोकांनी काय केलं, तर खाली खणलं.

शेनहाय विहीर आधी बघा. बाकी काही नाही जमलं तरी चालेल. विहीर म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे पायऱ्या, रहाट, कठडा येतो, तसलं काही नाहीये, जमिनीत एक भोक आहे, ११ सेंटिमीटरच्या आसपास रुंद, तळहाताने झाकता येईल एवढं. आणि खोली १००१.४२ मीटर! १८२३ ला सुरू केली आणि १८३५ ला पूर्ण झाली, सरासरी काढली तर दिवसाला जेमतेम वीतभर. एक किलोमीटरच्या खाली गेलेली जगातली पहिली विहीर ही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ड्रेकने १८५९ साली तेलाची जी प्रसिद्ध विहीर खणली ती २१ मीटर होती, यावरून अंदाज घ्या. इंजिन नाही, स्टीलचे पाइप नाहीत. जड लोखंडी छिन्नी बांबूच्या पट्ट्यांच्या दोराला बांधायची, माणसांनी फळीवर पाय देऊन ती उचलायची आणि सोडायची, उचलायची आणि सोडायची, खडकाचा चुरा झाला की पोकळ बांबूने उपसून काढायचा, की पुन्हा तेच. ही पद्धत तिथे सोंग राजवटीपासून, म्हणजे अकराव्या शतकापासून चालत आलेली. वरच्या भागात दगडी कड्या बसवलेल्या, त्याच्या खाली लाकडी नळ्या, म्हणजे वरचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू नये. वर लाकडी मनोरा आहे, १८ मीटरच्या आसपास उंच, ओंडके एकमेकांना बांबूच्या दोरांनी जखडून उभा केलेला. जुन्या काळी गावात असले शंभर मीटरच्याही वर गेलेले मनोरे होते म्हणे, आता थोडेच उरलेत.

खारं पाणी वर काढायला लांबच लांब बांबू, त्याच्या बुडाला चामड्याची झडप. खाली गेला की झडप पाण्याच्या दाबाने उघडते, वर ओढला की आतल्या पाण्याच्या वजनाने बंद होते. किती साधी गोष्ट आहे, पण मी तिथे उभी राहून बराच वेळ तेवढंच बघत होते.

पण खरी कमाल पुढे आहे. याच भोकातून नॅचरल गॅससुद्धा येतो. म्हणजे मीठ आटवायला लागणारं जळण मिठाबरोबरच जमिनीतून मिळालं, आणि या लोकांनी तोंडाशी लाकडी पिंप बसवून गॅस वेगळा केला, बांबूच्या नळ्यांनी भट्टीपर्यंत नेला आणि त्यावर मीठ शिजवलं, एकोणिसाव्या शतकात! आजही भट्टीच्या शेडमधे मोठमोठ्या गोल कढया ओळीने मांडलेल्या आहेत, खाली गॅस पेटलेला, सगळीकडे वाफ, जमीन ओलसर, आणि कामगार लांब दांड्याच्या फावड्यांनी मीठ ओढतायत. उकळत्या खाऱ्या पाण्यात ते सोयाबीनचं दूध ओततात. आपण साखरेच्या पाकात चमचाभर दूध घालून मळी वर आणतो ना, डिट्टो तेच, सगळी घाण फेसाबरोबर वर येते, ती काढून टाकतात आणि खाली राहिलेल्या पाण्यातून पांढरंशुभ्र मीठ बसतं. मग बांबूच्या टोपल्यांत निथळत ठेवतात. हे शो म्हणून मांडलेलं नाहीये, खरंच मीठ तयार होतंय आणि विकलं जातंय. ही सगळी कला २००६ मधे चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत आली, आणि विहीर स्वतः १९८८ पासून राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. थंडीत जाणार असाल तर शेडमधे शिरल्यावर चष्म्यावर वाफ धरणार हे लक्षात ठेवा, कापड बरोबर ठेवा.

मिठाचं म्युझियम गावात मध्यभागी आहे, शानशी प्रांतातून आलेल्या मीठ-व्यापाऱ्यांनी १७३६ ते १७५२ मधे बांधलेल्या आपल्या व्यापारी संघाच्या वाड्यात. छपरांची कोपऱ्यातली वळणं बघून व्यापाऱ्यांकडे किती पैसा असेल ते कळतं. मला सगळ्यात आवडली ती विहीर दुरुस्त करायच्या हत्यारांची खोली. विचार करा, पाचशे-सातशे मीटर खाली, एवढ्याशा भोकात, छिन्नी तुटून पडली तर काढणार कशी? वर उभं राहून, काही दिसत नसताना, फक्त दोराच्या हिसक्यावरून अंदाज घेऊन. त्यासाठी आकड्या, चिमटे, काटे असलेली कितीतरी हत्यारं त्यांनी केली आणि ती सगळी मांडलेली आहेत. इंजिनियरिंगवाल्यांनी या खोलीत वेळ काढाच.

गाव एवढं मोठं झालं त्यामागे युद्धं आहेत. १८५० च्या दशकात चीनमधल्या ताइपिंग बंडामुळे किनाऱ्याचं मीठ यांगत्झी नदीतून वर हुबेई-हुनान या प्रांतांना जायचं थांबलं आणि सिचुआनचं मीठ तिकडे जायला लागलं, त्यात झिगोंगचे मालक गब्बर झाले. पुन्हा १९३७ नंतर जपानने किनारा घेतला तेव्हा आतल्या भागाला मीठ कुठून मिळणार, तर इथूनच. १९३९ मधे त्झलियूजिंग आणि गोंगजिंग या दोन मीठगावांना जोडून झिगोंग शहर केलं ते त्याच गडबडीत.

आता खाणं. इथेही सगळं मिठापाशीच येतं. खारं पाणी वर ओढणारं चाक फिरवायला हजारो बैल-रेडे लागायचे, थकलेलं जनावर कामातून गेलं की मांस स्वस्तात मजुरांना मिळायचं, तिखट रश्श्यातलं सिचुआनी बीफ इथूनच निघालं असं गावातले लोक सांगतात. हुओब्येन्झ म्हणून वाळवलेल्या मांसाचा प्रकार आहे, पाठीमागून उजेड दिसेल इतके पातळ काप, मीठ लावून, पारंपरिक पद्धतीत शेणाच्या गोवऱ्यांच्या मंद आचेवर वाळवलेले, वर तिखट तेल. बीफ न खाणाऱ्यांनी तो भाग सोडून द्यायचा आणि सशाकडे वळायचं. लंगचीतू म्हणजे सशाच्या मटणाचे बारीक तुकडे, लाल मिरच्या, आलं, सिचुआनी मिरी (आपल्या कोकणातल्या तिरफळाची बहीण, माशाच्या आमटीत घालतो ना, तीच जीभ बधिर करणारी गंमत) यात तेलावर परतून परतून कोरडे करायचे आणि गार झाल्यावर खायचे. गरम नाही हं, गारच. गार झाल्यावर तिखट आत मुरतं आणि दोन-चार दिवस टिकतं. मी जिथे खाल्लं ते घरगुती छोटं हॉटेल होतं, चव जबरदस्त, पण मिरच्यांच्या ढिगातून मटण शोधावं लागतं आणि ‘कमी तिखट’ सांगूनसुद्धा फारसा फरक पडला नाही. लहान मुलं बरोबर असतील तर साधा भात आणि परतलेली पालेभाजी आधी मागवून ठेवा. कोवळ्या आल्याच्या काड्या घातलेला कुठलाही पदार्थ दिसला तर मात्र घ्याच, या गावचा हात आल्याच्या बाबतीत चेंगदूपेक्षा मोकळा आहे. शुद्ध शाकाहारी लोकांना झिगोंग अवघड आहे, खोटं कशाला सांगू.

डायनोसॉर म्युझियम पण आहे, दाशानपूला, १९८७ पासून. गॅसवाल्यांच्या बांधकामासाठी जमीन खोदताना हाडांचा खजिना लागला. मुलं खूश होतील, अर्धा दिवस द्या.

आणि शेवटी मीठ, ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. दाणा बारीक, कोरडा, चव स्वच्छ खारट आणि मागे कडवटपणा अजिबात राहत नाही, मला तरी समुद्राच्या जाड्या मिठात तो कधीकधी जाणवतो. वरणभातात घातलं तर फरक कळणार नाही, त्यासाठी चेंगदूहून धावत जाऊ नका. फरक कळतो तो कच्च्या गोष्टींना, काकडीला, कैरीला, आणि मुख्य म्हणजे लोणच्याला. लिंबाचं लोणचं मी याच मिठात घातलं, खार स्वच्छ सुटला आणि साल छान मऊ झालं. टूरिस्ट दुकानांत रंगीत आंघोळीचं मीठ आणि शोभेच्या डब्या भरपूर भावाने विकतात, त्यात पैसे घालवू नका, गावातल्या साध्या सुपरमार्केटमधे तेच झिगोंगचं विहिरीचं मीठ रोजच्या किराण्याच्या भावात मिळतं. लोणच्यासाठी हवं असेल तर लोणच्याचंच म्हणून वेगळं पाकीट येतं, आयोडीन नसलेलं, तिथल्या बायका तेच वापरतात, दुकानात फोनवर भाषांतर करून दाखवा आणि तेच मागा. रोजच्या स्वयंपाकाला मात्र आयोडीनवालंच घ्या.