गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ : कथा-मासिकासाठी वापर, दुसरा उन्हाळा

ऑनलाइन कथा-मासिक चालवणाऱ्याने संकेतस्थळावरचे वाचक मोजणारं गूगलचं हे साधन घ्यावंच असं मी म्हणेन. फक्त उष्णतेच्या लाटेत त्याचा पहिला तक्ता बघून ‘वाचक गेले’ असा निष्कर्ष काढू नका. या वेळी लाट लांबली तेव्हा आमचेही आकडे धाडकन उतरले, आणि संपादक मंडळात कथा छोट्या करण्याची चर्चा सुरू झाली. मला ते मुळीच पटत नव्हतं, म्हणून आकड्यांच्या पोटात शिरले.

आधी चांगली बाजू. याच साधनाच्या आधीच्या आवृत्तीत, म्हणजे १ जुलै २०२३ पासून बंद होत गेलेल्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्समध्ये एक पान उघडल्यापासून दुसरं उघडेपर्यंतचा वेळ मोजला जाई. त्यामुळे थेट एका कथेवर येऊन ती शेवटपर्यंत वाचून जाणाऱ्याचा वेळ शून्य धरला जायचा. कथा-मासिकाला याहून चांगला वाचक कुठला मिळणार! आता पान प्रत्यक्ष समोर उघडं असतानाचाच वेळ धरतात, मागच्या टॅबमध्ये पडून राहिलेली कथा मोजत नाहीत. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे साधन सोडणार नाही.

‘गुंतलेला वाचक’ ठरवण्याची पद्धत मात्र कथेच्या उपयोगाची नाही. भेट १० सेकंदांहून जास्त टिकली की ती गुंतलेली. १० सेकंदांत शीर्षक आणि पहिली दोन वाक्यं होतात. शिवाय ३० मिनिटं हालचाल नसली की भेट संपली असं धरलं जातं. म्हणजे मोठी कथा तीन बैठकांत वाचणारा माणूस तीन तोकड्या भेटी होऊन दिसतो. लाटेत नेमकं हेच घडतं.

कारण उकाड्यात डोकं चालत नाही ही नुसती तक्रार नाही. बॉस्टनमध्ये २०१६च्या उन्हाळ्यात ४४ तरुण विद्यार्थ्यांच्या रोज चाचण्या घेतल्या होत्या. लाटेच्या दिवसांत वातानुकूलन नसलेल्या इमारतींतल्या मुलांना एका चाचणीत उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला. रात्रीची झोप मोडलेली, त्यात हातातला फोनही तापलेला. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरावा असं सांगितलेलं आहे, आणि फार तापला की त्याचा पडदा आपोआप मंद होतो. अशा वेळी चार हजार शब्दांची कथा कोण सलग वाचेल?

तासांनुसार तक्ता लावला तेव्हा चित्र पालटलं. दुपार जवळजवळ रिकामी होती, पण मध्यरात्रीच्या आसपास वाचक होते. आता मुख्य प्रश्न होता कथा पूर्ण होते का हा. इथे आयती मिळणारी स्क्रोलची नोंद फसवते, कारण ती पानाच्या ९० टक्के उंचीवर होते. कथेखाली लेखकाचा परिचय, इतर कथांचे दुवे, प्रतिक्रिया असतील तर शेवटचं वाक्य वाचलेला वाचकही तिथे पोचत नाही. आम्ही टॅग मॅनेजरमध्ये (पानावर काय मोजायचं ते ठरवण्याचं गूगलचंच साधन) कथेच्या शेवटच्या खुणेवर ट्रिगर, म्हणजे नोंदीची अट, लावला : ती खूण पडद्यावर आली तरच नोंद. हे जरूर करा. एका संध्याकाळचं काम आहे.

त्यातून दिसलं ते असं : लोक सुरुवात करत होते, मध्येच थांबत होते, आणि बरेचसे पुढे कधीतरी परत येऊन कथा संपवत होते. लांब कथाही. हे कळल्यावर कथा कापण्याचा विषय बंद झाला, आणि आम्ही थांबलेली जागा लक्षात ठेवणारी सोय मासिकात बसवली. लेखकाने जपून लिहिलेला मधला भाग उकाड्यापायी छाटला गेला असता, तर मला फार वाईट वाटलं असतं.

परतणाऱ्या वाचकांचा आकडा मात्र सावधपणे घ्या. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरमध्ये अशा मोजणीच्या कुकीज (वाचक ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) सात दिवसांत पुसल्या जातात, त्यामुळे दहा दिवसांनी आलेला जुना वाचक नवा म्हणून मोजला जातो. मासिकाची ईमेल किती जणांनी उघडली हा आकडा तर मी बघणंच सोडलंय. मेलमधलं चित्र उतरलं की ती उघडली असं धरलं जातं. २०२१च्या सप्टेंबरपासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये चित्रं आधीच उतरवून घेण्याची सोय आहे, आणि त्यामुळे न वाचलेली मेलही उघडलेली दिसते.

आणि जोडणी केल्या दिवशीच एक सेटिंग बदला. सखोल विश्लेषणासाठीची माहिती मुळात दोनच महिने ठेवली जाते, ती १४ महिन्यांवर नेता येते. आम्ही ती नेली होती, म्हणून या उन्हाळ्यातल्या मध्यरात्रीच्या वाचकांची गेल्या उन्हाळ्याशी तुलना करता आली.